दम कोठे राहतो?

कोल्हापुरात दोन वास्तू पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. एक खासबागेचे कुस्तीचे मैदान आणि दुसरे पॅलेस थिएटर, ज्याला पुढे केशवराव भोसले नाट्यगृह हे नाव मिळाले. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ साली राजर्षी शाहू महाराज विलायतेस गेले, त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले, आणि असे काहीतरी आपल्या गावी असावे हे त्यांनी मनात धरले. मैदान १९१२ साली खुले झाले. नाट्यगृहाचे काम १९१३ मध्ये सुरू होऊन १९१५ मध्ये पुरे झाले. एका बाजूस लाल माती आणि दुसऱ्या बाजूस रंगभूमी. दोन्हीकडचे रसिक निराळे, वेष निराळा, बोलणे निराळे. पण माणसाची पारख करताना दोघांच्याही तोंडी शब्द यायचा तो एकच. ‘गड्यात दम आहे.’

हा शब्द मूळचा फारसी. फारसीत दम म्हणजे श्वास. आपण मराठी माणसांनी तो असा काही आपलासा केला की त्याच्या मूळच्या अर्थाकडे लक्षच राहिले नाही. आपण दम खातो, दम टाकतो, दम धरतो, दुसऱ्याला दम भरतो. जिना चढताना दम लागतो आणि म्हातारपणी दमा होतो. गवयाच्या बाबतीत आपण ‘दमसास’ असा जोडशब्द करतो. हा दम नेमका राहतो कोठे, असे आम्ही एकदा तालमीतल्या एका जाणत्या वस्तादांस विचारले. त्यांनी छातीवर थाप मारली. तोच प्रश्न एका गायनशिक्षकांस विचारला, तर त्यांनी बेंबीवर बोट ठेवले. दोघेही आपापल्या परीने खरे. पण दोघांच्या बोटांच्या मधला जो प्रदेश राहिला, म्हणजे बरगड्यांच्या फटी, त्याविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे. वसंत व्याख्यानमालेत शरीरशास्त्र कशाला, असे ज्यांच्या मनात आले असेल त्यांनी थोडा दम धरावा.

बरगड्यांमधले स्नायू पाहण्यासाठी कोल्हापूरकराला वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याचे कारण नाही. ताटात चापेचे मटण आले की हाडाला धरून जो पातळ, चिवट, दाताने ओढून काढावा लागणारा मांसाचा पदर असतो, तोच हा स्नायू. शास्त्रीय मराठीत त्यास आंतरपर्शुक स्नायू म्हणतात. माणसाला एकेका बाजूस १२ बरगड्या. म्हणून त्यांच्यामधल्या फटी ११. प्रत्येक फटीत एकावर एक असे तीन पदर असतात. बाहेरच्या पदराचे तंतू वरच्या बरगडीपासून निघून खाली आणि पुढे उतरतात. कोटाच्या खिशात हात घातला असता बोटांची जी दिशा होते ती यांची दिशा. त्याच्या आतल्या पदराचे तंतू नेमके उलटे, खाली आणि मागे जाणारे. म्हणजे दोन पदर एकमेकांस फुलीसारखे छेदतात. तिसरा, अगदी आतला पदर दुबळा व तुटक असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पदराच्या मधून, वरच्या बरगडीच्या खालच्या काठाला असलेल्या खोबणीचा आडोसा घेऊन, एक नीला, एक रोहिणी आणि एक मज्जातंतू ही तिघे बरोबरीने धावतात. छातीत पाणी झाले असता डॉक्टर सुई टोचतात ती खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला लागून टोचतात, याचे कारण हेच. वरच्या बरगडीच्या पोटाखाली ही तिघे दडलेली असतात, त्यांना धक्का लागू नये.

बरगड्या कण्यापासून निघून पुढे येताना खाली झुकलेल्या असतात. त्या उचलल्या की छाती रुंद होते, जशी बादलीची पडलेली कडी उचलली की ती बाजूला फाकते. आणि छातीचे मधले हाड पुढे सरकते, जसा हातपंपाचा दांडा उचलावा. आतली जागा वाढली की बाहेरची हवा आत येते. श्वासाचा मुख्य चाकर म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल, यात वाद नाही. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो, दर खेपेस अर्धा लिटरभर हवा. त्यातले बहुतेक काम श्वासपटल करते. मग या फुलीसारख्या दोन पदरांचे काम काय? उलटसुलट विणलेले हे कापड निसर्गाने उगाच तर विणले नसेल?

हा प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर मिळण्यास मात्र सुमारे १८०० वर्षे लागली, आणि त्या शोधाची कहाणी आम्हांस कोणत्याही लढाईच्या बखरीइतकी रंजक वाटते.

आपल्याकडच्या सुश्रुताने शरीरातील मांसपेशी मोजल्या त्या ५००. त्यांची वाटणी त्याने फार काळजीपूर्वक दिली आहे: हातापायांत ४००, धडात ६६ आणि मानेच्या वर ३४. धडातल्या ६६ पैकी दोन्ही कुशींच्या वाट्यास त्याने किती दिल्या? अवघ्या सहा. ११ फटी, प्रत्येकीत पदर, दोन बाजू, आणि हिशेब सहाचा! सुश्रुतासारखा डोळस शल्यवैद्य येथे कसा चुकला? आमचे अनुमान असे की दोष डोळ्यांचा नव्हता, रीतीचा होता. प्रेत मुंज वगैरे गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजत ठेवावे आणि मग वाळ्याच्या किंवा वेळूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर पाहावा, अशी त्याने सांगितलेली रीत. शस्त्राने न कापता शरीर उलगडण्याची ही युक्ती बुद्धिमान खरीच. पण सात रात्री भिजलेल्या देहात हे कागदासारखे पातळ पदर कुंच्याखाली टिकणार कसे? ते गाळात वाहून गेले असतील आणि हाडे तेवढी उरली असतील. हाडांचा हिशेब मात्र चरक आणि सुश्रुत या दोघांनीही बरगड्यांपाशी बारकाईने केला आहे.

दुसरा मोठा वैद्य गॅलेन. आशिया मायनरमधल्या पर्गमम गावचा हा रहिवासी. इसवी सन १५७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याला आपल्या गावी मल्लवैद्याची नोकरी मिळाली. म्हणजे आखाड्यात शस्त्रे घेऊन लढणाऱ्या योद्ध्यांच्या जखमा बांधण्याचे काम. फाटलेल्या छातीची आतली बाजू त्याने जिवंत माणसात पाहिली. शाहू महाराजांनी पुढे ज्या धर्तीचे मैदान कोल्हापुरात बांधले, त्या धर्तीच्या रिंगणाच्या काठावर बसून बरगड्यांच्या शास्त्राचा आरंभ व्हावा, ही आम्हांस मोठी मौजेची गोष्ट वाटते. त्या रिंगणात माणसे मरत, आपल्या मैदानात चितपट होतात, हा फरक अर्थातच लहान नाही.

गॅलेनने दोन पदरांच्या उलट्या दिशा ओळखल्या आणि पुढे रोमला गेल्यावर एक प्रयोग करून दाखविला, जो त्या काळी फार गाजला. किंकाळ्या फोडणाऱ्या डुकराच्या बरगड्यांमधल्या मज्जातंतूंना त्याने दोऱ्याचे फास घातले. फास आवळले की प्राणी मुका होई. फास सैल केले की पुन्हा ओरडू लागे. घशाला हात लावलेला नाही, आणि आवाज बंद! प्रयोग क्रूर, आज कोणी तो असा करू देणार नाही. पण आवाजाचा उगम कंठात असला तरी त्याचे भांडवल बरगड्यांत असते, हे त्याने त्या दिवशी सिद्ध केले. एवढे सिद्ध करून हा विषय जवळजवळ १५०० वर्षे निजला.

जागा झाला तो अठराव्या शतकाच्या मध्यास, जर्मनीत, आणि तो भांडतच जागा झाला. येना येथील प्राध्यापक गेओर्ग एर्हार्ड हाम्बर्गर हा गणिती डोक्याचा माणूस. त्याने छातीचा विचार यंत्रासारखा केला. त्याची युक्ती आपल्या घरी कोणालाही करून पाहता येईल. एक उभी पट्टी घ्या, ती कणा. दोन आडव्या पट्ट्या तिला एकेका खिळ्याने अशा जोडा की त्या वरखाली फिरतील, त्या बरगड्या. त्यांची पुढची टोके दुसऱ्या उभ्या पट्टीला तशाच सैल खिळ्यांनी जोडा, ते छातीचे मधले हाड. आता वरच्या बरगडीवर कण्याजवळ आणि खालच्या बरगडीवर कण्यापासून दूर अशी तिरपी रबरी दोरी ताणून बांधा. हात सोडताच सगळी चौकट वर उचलली जाईल. कारण साधे: दोरी दोन्ही पट्ट्यांना सारख्याच जोराने ओढते, पण खालच्या पट्टीला ती खिळ्यापासून दूर धरून ओढते, तेथे तरफ लांब पडते, आणि लांब तरफेचा जय होतो. दोरी उलट्या दिशेने बांधली की तीच चौकट खाली येते. तेव्हा हाम्बर्गर म्हणाला की बाहेरचा पदर श्वास घेण्याचा आणि आतला पदर श्वास सोडण्याचा. फक्त आतल्या पदराचा छातीच्या मधल्या हाडालगतचा, कूर्चांमधला जो भाग, तो श्वास घेण्यास मदत करतो.

त्याच्याविरुद्ध उभा राहिला आल्ब्रेख्ट फॉन हालर. मूळचा स्विस, गॉटिंगेनचा प्राध्यापक, त्या शतकातला शरीरशास्त्राचा सार्वभौम. शिवाय कवी, आल्प्स पर्वतावर दीर्घकाव्य लिहिणारा. हालर म्हणाला, काठ्याखिळ्यांचा खेळ पुरे. मी जिवंत कुत्र्याची छाती उघडून पाहिली आहे. वरची बरगडी घट्ट, खालची सैल. तेव्हा कोणताही पदर आखडला तरी खालचीच वर येणार. दोन्ही पदर श्वास घेण्याचे. १७४० नंतरची काही वर्षे या दोघांनी एकमेकांवर पुस्तके फेकली. भांडणात एक पोटप्रश्नही होता. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा असते, असे हाम्बर्गर म्हणे. हालरने प्राण्याची छाती पाण्याखाली उघडून दाखविली. एकही बुडबुडा आला नाही. हा डाव हालरने निर्विवाद जिंकला, आणि जगाने समजूत करून घेतली की ज्याने एक डाव जिंकला त्याने सगळीच कुस्ती मारली. स्नायूंच्या प्रश्नात मात्र काठ्याखिळेवाल्या हाम्बर्गरचेच पुष्कळ खरे होते. विद्वत्तेच्या आखाड्यात पंच नसतो, ही मोठीच अडचण.

यानंतर शंभर वर्षांनी, १८४६ साली, लंडनच्या जॉन हचिन्सनने श्वास मोजण्याचे यंत्र पुढे आणले. पाण्यात उलटे तरंगणारे एक भांडे. त्यात माणसाने पूर्ण दम भरून शेवटपर्यंत हवा सोडावयाची, भांडे वर चढते, किती चढले ते मोजावयाचे. त्याने दोन हजारांवर माणसे मोजली. त्यांत खलाशी होते, पोलिस होते, मुष्टियोद्धे आणि पहिलवानही होते. या मोजणीतून निघालेला निष्कर्ष तालमीच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. श्वासाची धारणाशक्ती माणसाच्या उंचीबरोबर वाढते, दर इंचामागे सुमारे ८ घनइंच. छातीच्या घेराशी तिचे तसे नाते दिसत नाही. म्हणजे आरशासमोर उभे राहून फुगविलेली छाती ही बऱ्याच अंशी बाहेरच्या मांसाची शोभा. ज्यांनी लहानखुऱ्या अंगाच्या गवयाला तास दीड तास विलंबित ख्याल मांडताना ऐकले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

येथे आम्हांस गाण्याकडे वळले पाहिजे. अल्लादियाखाँसाहेब १८९५ च्या सुमारास कोल्हापूर दरबारी आले आणि १९२२ साली महाराज निवर्तेपर्यंत मुख्यतः येथलेच राहिले. मग मुंबईस गेले. त्यांचा जन्म १८५५ चा, देहान्त १९४६ चा. उमेदीच्या वयात अतिगायनाने त्यांचा आवाज बसला, तो पूर्वीसारखा परत आला नाही. आणि मग त्यांनी, त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी, आपली गायकीच नव्याने घडविली, हे सर्वश्रुत आहे. जयपूर-अत्रौली घराण्याची जी पेचदार, एकातून एक निघणारी, समेपर्यंत कोठे श्वास घेतला ते कळू न देणारी तान आपण ऐकतो, ती या घडणीची. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या ध्वनिमुद्रिका ज्यांच्या संग्रही असतील त्यांनी एकदा केवळ श्वासाकडे कान देऊन त्या ऐकाव्यात. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत बसून सूर्यमालेच्या बाहेर निघाली. परग्रहावरचे कोणी ती ऐकेल तेव्हा त्याला सुरांचे काही कळो न कळो, हा प्राणी श्वास घेतो केव्हा, हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही!

गवई एवढ्या लांब फिरतीला श्वास पुरवितो तो कसा? सामान्य समजूत अशी की तो खूप हवा भरतो आणि मग पोटाने ती नेटाने ढकलतो. विद्वानांची समजूतही फार निराळी नव्हती. अमेरिकेतील स्टेटसन या प्राध्यापकाने असे मांडले होते की बोलताना प्रत्येक अक्षरागणिक बरगड्यांमधला आतला पदर एकेक धक्का देतो. ‘महालक्ष्मी’ म्हटले की चार धक्के. ऐकावयास पटण्याजोगे, पण खोटे.

ते खोटे ठरले १९५९ साली, एडिंबरोमध्ये. ड्रेपर, लॅडिफोगेड आणि व्हिटरिज या तिघांनी माणसांच्या बरगड्यांमध्ये बारीक सुया घालून, बोलत असताना स्नायूंत उठणारे विजेचे क्षीण तरंग टिपले. (यांपैकी लॅडिफोगेड यांनी पुढे ‘माय फेअर लेडी’ या १९६४ च्या चित्रपटास ध्वनिशास्त्राचे साहाय्य केले, ज्या नाटकावर तो बेतला त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ आली.) सुया घालून घेतलेल्या माणसाने खोल श्वास घेतला आणि बोलावयास सुरुवात केली. अपेक्षा अशी की श्वास घेणारा बाहेरचा पदर आता थांबेल आणि सोडणारा आतला पदर कामास लागेल. घडले उलटे. माणूस बोलतो आहे, हवा बाहेर जाते आहे, आणि बाहेरचा, श्वास ‘घेणारा’ पदर चालूच आहे!

याचा उलगडा असा. फुफ्फुसे आणि छातीचा पिंजरा ही दोन्ही ताणलेल्या रबरासारखी आहेत. पूर्ण दम भरला की ती स्वतःच मिटू पाहतात, आणि तो दाब सुमारे ३० सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका, कधी त्याहून अधिक असतो. साध्या बोलण्याला दाब लागतो ५ ते १० सेंटीमीटर. म्हणजे भरल्या छातीच्या माणसापाशी आरंभी गरजेच्या तिप्पट-चौपट दाब असतो. तो सगळा एकदम सुटला तर पहिला शब्द किंकाळी होईल आणि दुसऱ्या ओळीला हवाच उरणार नाही. म्हणून ज्या स्नायूंनी बरगड्या वर उचलल्या तेच त्यांना धरून ठेवतात आणि हळूहळू, मोजून, खाली सोडतात. आडातून घागर वर ओढणारे हात आणि भरली घागर सावकाश खाली सोडणारे हात एकच असतात. घागर सोडताना हाताला काम नसते असे कोण म्हणेल? छातीतली हवा नेहमीच्या श्वासाइतकी उरली की बाहेरचा पदर थांबतो. तेथून पुढे दाब कमी पडू लागतो, म्हणून आतला पदर हळूहळू जोर धरतो. आणि अगदी शेवटी, वाक्य रेटून संपवावयाचे असेल तर, पोटाचे आणि पाठीचे स्नायू धावून येतात. पोटाच्या स्नायूंचा वाटा याहून मोठा आणि आरंभापासूनचा आहे, असे पुढच्या संशोधकांनी दाखविले. बेंबीवर बोट ठेवणारे आमचे गायनशिक्षक त्यामुळे खूष होतील. पण मूळ गोष्ट कायम राहिली.

‘दम धरणे’ हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. उंचावलेल्या बरगड्यांना घाईने खाली येऊ न देणे, हे त्या दोन शब्दांचे शब्दशः शारीर वर्णन आहे.

हे कळल्यावर आम्हांस केशवराव भोसले यांच्याविषयी जे वाचले-ऐकले त्याचा अर्थ निराळा दिसू लागला. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९० चा. १९०८ साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी ललितकलादर्श मंडळी काढली. आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्वांबरोबर झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ने महाराष्ट्र गाजविल्यावर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, ते गेले. वय एकतीस. तो काळ ध्वनिक्षेपकाचा नव्हता. शेवटच्या रांगेतल्या चार आणेवाल्यापर्यंत पद पोहोचवावयाचे, पुन्हा ‘वन्स मोअर’ आला की तेच पद त्याच ताकदीने म्हणावयाचे, आणि रात्र सरेपर्यंत नाटक चालवावयाचे. घशाच्या जोरावर हे एक आठवडा जमेल. वर्षानुवर्षे जमावयाचे तर बरगड्यांना सावकाश उतरण्याची सवयच हवी. ध्वनिक्षेपक आला आणि नटाची ती गरज संपली. आम्ही काही ध्वनिक्षेपकाचे शत्रू नाही, या क्षणी तोच आमची लाज राखतो आहे. पण शेवटच्या रांगेने नटाच्या छातीला जे शिकविले ते शिकविणारा दुसरा गुरू अजून नेमला गेलेला नाही, एवढे खरे.

भिंतीच्या पलीकडे, मातीत, याच स्नायूंचे काम निराळे. भार उचलताना पहिलवान श्वास कोंडतो, कंठ मिटतो, आणि सारा पिंजरा खांबासारखा ताठ करतो. दोन्ही पदर तेव्हा एकदम आखडतात आणि फुलीच्या विणीमुळे फटी आत खचत वा बाहेर फुगत नाहीत. प्रतिस्पर्धी पाठीवर भार टाकून रगडतो तेव्हा पिंजरा दबतो, आणि श्वास पोटावर घ्यावा लागतो. नवखा गडी येथेच घाबरतो आणि हापसू लागतो. जुना गडी लहान श्वास घेत पडून राहतो. वस्ताद त्याला ‘दमदार’ म्हणतात ते त्याच्या छातीचे माप घेऊन नव्हे.

हे स्नायू आहेत याची खरी जाणीव आम्हांस स्वतःला झाली ती दुखण्याने. पंचगंगेच्या घाटावर शेवाळलेल्या पायरीवरून आमचा पाय घसरला आणि डाव्या कुशीची एक बरगडी चिरली. एका जाणत्या गृहस्थांनी छातीभोवती रुंद पट्टा इतका करकचून बांधला की वेदना खरोखरच निम्म्याने कमी झाली. आम्ही त्यांस दुवा दिला. चौथ्या दिवशी ताप आला, खोकला आला, आणि खोकता येईना. श्वास उथळ राहिल्यामुळे फुफ्फुसाच्या तळाशी कफ साठून तेथे दाह सुरू झाला होता. नंतर ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांनी पहिली गोष्ट केली ती पट्टा कापून टाकण्याची. पूर्वी अशा पट्ट्या सर्रास बांधीत. आज वैद्यकाने ती रीत सोडून दिली आहे. वेदनाशामक औषध द्यावे, दुखऱ्या बाजूवर उशी दाबून धरून खोकावे आणि दर तासाला मुद्दाम खोल श्वास घ्यावेत, असे सांगतात. श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी म्हातारे माणूस पडले आणि बरगडी दुखावली, तर पट्ट्याचा मोह टाळून त्यास डॉक्टरांकडे न्यावे, ही विनंती. त्या तीन आठवड्यांत आमचे बोलणे तीन-तीन शब्दांचे झाले होते. घरातल्यांना त्याचे फारसे दुःख झाल्याचे दिसले नाही.

आता हाम्बर्गर आणि हालर यांच्या कुस्तीचा निकाल. ब्रुसेल्सचे आंद्रे द त्रॉयेर आणि त्यांचे सहकारी यांनी या स्नायूंवर कित्येक वर्षे काम केले आणि २००५ साली त्याचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की बाहेरचा पदर सगळा एकाच गुणाचा नाही. पाठीकडचा, वरच्या फटींतला भाग श्वास घेण्यास फार उपयोगी. तेथून पुढे आणि खाली जावे तसतसा त्याचा उपयोग कमी होतो, आणि खालच्या फटींत पुढच्या बाजूस तो उलट काम करू शकतो. आतला पदर श्वास सोडणारा, पण छातीच्या मधल्या हाडालगतचा भाग घेणारा, हे हाम्बर्गरचे म्हणणे टिकले. आणि सर्वांत सुंदर भाग असा की ज्या तुकड्याची तरफ चांगली त्याच तुकड्याला मेंदू अधिक जोराचा हुकूम पाठवितो. ज्याची तरफ वाईट त्याला तो फारसे उठवीतच नाही. ही वाटणी कोणी शिकविलेली नाही. जन्मलेले मूल ती घेऊनच रडते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, नाट्यगृहास आग लागली आणि रंगमंच, छप्पर, खुर्च्या जळून गेल्या. गावातली म्हातारी माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. ती वास्तू पुन्हा उभी करण्याचे काम नंतर हाती घेण्यात आले. पलीकडच्या मैदानात माती तशीच होती.

ज्यांना आजच्या बोलण्याचा पडताळा पाहावयाचा असेल त्यांनी घरी गेल्यावर दोन्ही पंजे कुशींवर, बोटे फटींवर येतील असे ठेवावेत, पूर्ण दम भरावा, आणि वर्तमानपत्रातले एखादे लांबलचक वाक्य एका श्वासात, सावकाश, मोठ्याने वाचावे. अग्रलेखात अशी वाक्ये हमखास मिळतात. पहिले काही शब्द होईपर्यंत बोटांखालच्या बरगड्या फारशा उतरणारच नाहीत.